बिऱ्हाड हलवितां येईल काय ?

गेल्या महिन्यांत नाशिकहून एका भगिनींचें पत्र आलें. सासरच्या कुलमंडळाच्या त्या चिटणीस आहेत. घराण्याचा कुलवृत्तांत आजवर दोन वेळां छापून झाला. आतां तिसरी आवृत्ति कागदावर न काढतां संकेतस्थळाच्या रूपानें काढावी, असा ठराव मंडळाच्या सभेंत झाला आहे. एका शाखेंत मूल जन्मलें, दुसरींत लग्न झालें, तर त्याच्या नोंदीसाठीं पुढच्या आवृत्तीची पंचवीस वर्षें वाट पाहावी लागूं नये, हा त्यांतील हेतु. "पुस्तक आहे, मग हें आणखी कशाला ?" हा मामंजींचा आक्षेप होता, तोहि शांत झाला आहे. राहिला प्रश्न एवढाच कीं, हें स्थळ ठेवावयाचें कोठें ? तीन कंपन्यांचीं दरपत्रकें पत्रासोबत जोडून "यांपैकीं स्वस्त व बरी कोणती तें कृपया कळवावें" असें त्यांनीं विचारिलें आहे.

संस्कृत शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला अशा मॅट्रिक झालेल्या मास्तराला हा प्रश्न विचारावा, याची कित्येकांस गंमत वाटेल. परंतु आमच्या कुलाचें असें स्थळ २०१५ सालापासून आहे आणि या विषयांतलें जें थोडें आम्हांस कळतें तें फुकट कळलेलें नाहीं. हल्लीं अनेक घराण्यांचीं मंडळें याच विचारांत असल्यामुळें पत्राचें उत्तर खासगी न देतां येथेंच देत आहों.

'संकेतस्थळ' हा शब्द ज्यानें योजिला त्यानें संस्कृत काव्यें फारशीं चाळलीं नसावींत. काव्यांतलें संकेतस्थान म्हणजे प्रियकर-प्रेयसींनीं चोरून भेटण्याची जागा. कुलवृत्तांतास हें नांव दिलेलें पाहून आमच्या एका शास्त्री स्नेह्यांनीं भुंवया उंचावल्या होत्या. पण शब्द आतां रूढ झाला आहे, आणि रूढीपुढें व्युत्पत्तीचें चालत नाहीं. असो.

संकेतस्थळें दोन प्रकारचीं असतात. पहिल्या प्रकारांत प्रत्येक पान आधींच लिहून ठेवलेलें असतें. मागणारा आला कीं सर्व्हर तें जसेंच्या तसें उचलून देतो, डब्यांतला लाडू काढून हातावर ठेवावा तसें. दुसऱ्या प्रकारांत पान तयार असतच नाहीं. पाटावर माणूस बसल्यावर पोळी तव्यावर पडावी, तसें मागणी आल्यावर पान बनतें. त्यास लागणारी सर्व माहिती डेटाबेसांत कोष्टकांच्या रूपानें असते : एका कोष्टकांत व्यक्ति, दुसऱ्यांत कुटुंबें, तिसऱ्यांत गांवें, आणि प्रत्येक नोंदीस एक क्रमांक. अमक्याची पणती कोण, असें विचारलें कीं कार्यक्रम त्या क्रमांकांवरून एका कोष्टकांतून दुसऱ्यांत जातो आणि उत्तर जुळवून पुढें मांडतो. कोष्टकें अशीं परस्परसंबंधानें बांधण्याची कल्पना एडगर कॉड या गणित शिकलेल्या इंग्रज गृहस्थानें आय.बी.एम. कंपनींत असतांना १९७० सालीं एका निबंधांत मांडली. आज बँकेच्या खात्यापासून आगगाडीच्या आरक्षणापर्यंत बहुतेक व्यवहार त्याच कल्पनेवर चालतात.

घराण्याच्या स्थळांत बहुधा जो डेटाबेस असतो त्याचें नांव मायएसक्यूएल. हा १९९५ सालीं स्वीडनमध्यें निघाला. त्याचे एक कर्ते मायकेल विडेनियस यांनीं आपल्या थोरल्या मुलीचें नांव त्यास दिलें. पुढें तो हात बदलत २०१० सालीं ओरॅकल या मोठ्या कंपनीकडे गेला. तें होणार असें दिसतांच याच गृहस्थांनीं आदल्या वर्षीं त्याची दुसरी शाखा काढली व तिला धाकट्या मुलीचें नांव दिलें, तो मारियाडीबी. कुलवृत्तांताच्या प्रकरणांत ही वंशावळहि ठाऊक असलेली बरी. दोघी बहिणी अद्याप बऱ्याच सारख्या आहेत. आमच्यासारख्याच्या कामास कोणतीहि चालते. वंशावळ मांडणारा 'वेबट्रीज' नांवाचा कार्यक्रम २०१० पासून विनामूल्य मिळतो. आमचें स्थळ त्यावरच आहे. त्यास पी.एच.पी. ही भाषा व असा एक डेटाबेस, एवढें लागतें.

येथपर्यंतचें सर्व आम्हांस प्रथमपासून ठाऊक होतें. जें ठाऊक नव्हतें तें असें कीं, पोळपाट-लाटणें ज्या फडताळांत असतें त्या फडताळांत कणीक नसते. पान बनविणारा कार्यक्रम व छायाचित्रें सर्व्हरच्या एका भागांत राहतात, आणि माहिती राहते ती डेटाबेसाच्या निराळ्याच कोठारांत. फडताळ उघडून सगळें उचलून घरीं आणलें तरी कोठारांतला एक दाणाहि हातीं लागत नाहीं.

आमचें स्थळ प्रथम एका स्वस्त सामायिक होस्टिंगवर होतें. काम आमचा एक चुलत पुतण्या पाही. तो इंजिनियर, पुण्यास नोकरीस. स्वभावानें अत्यंत टापटिपीचा. दर महिन्याच्या एक तारखेस तो स्थळाचा सगळा फोल्डर उतरवून घेई, त्यावर तारीख घाली आणि दिवाळीस घरीं आला कीं त्याची एक प्रत आमच्या लोखंडी कपाटांत जुन्या कागदपत्रांशेजारीं ठेवी. इतकी दक्षता पाहून आम्हीं निश्चिंत होतों.

२०१८ च्या वैशाखांत आम्ही राजापूर तालुक्यांत आमच्या आत्याबाईंकडे गेलों. वय ९१, दृष्टि मंदावलेली, पण स्मरण लख्ख. छापील कुलवृत्तांत ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ठाऊक असेल कीं, मुलग्यांची ओळ पिढ्यान्पिढ्या चालते आणि मुलींच्या जागीं "कन्या २, विवाहित" एवढ्यावर काम भागतें. त्या कन्यांचीं नांवें काय, कोणत्या गांवीं दिल्या, सासरीं कोणतें नांव ठेविलें, त्यांचीं मुलेंबाळें कोण, हें सारें आत्याबाईंना मुखोद्गत. अकरा दिवस पडवींत बसून त्या सांगत होत्या आणि आम्ही चिठोऱ्यांवर उतरून घेत होतों. "अरे, ती नव्हे, ती दुसरी, ही बाळंतपणांत गेली," असें म्हणून मधेंच थांबत, आणि नांव पुन्हां उच्चारीत. एकंदर १४३ जणींचीं नांवें झालीं. रोज दिवेलागणीनंतर आम्ही तीं स्थळावर भरीत असूं, आणि भरून झालीं कीं चिठोऱ्या फाडून टाकीत असूं. एकदां डेटाबेसांत गेलें म्हणजे कायमचें झालें, अशी आमची समजूत. चाळीस वर्षें मुलांना कच्ची वही जपून ठेवण्यास सांगणाऱ्या मास्तरानें हें करावें !

त्याच वर्षीं आश्विनांत आत्याबाई गेल्या. पुढें जानेवारींत कंपनीचा सर्व्हर बिघडला. चार दिवस स्थळ दिसेना. पांचव्या दिवशीं चार ओळींचें पत्र आलें : झाल्या गोष्टीबद्दल खेद आहे, माहिती परत मिळविणें शक्य नाहीं, करारांतील अमुक कलमाप्रमाणें प्रती ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाची आहे. पुतण्या म्हणाला, "काका, प्रती आहेत. काळजी नको." त्यानें दुसरें होस्टिंग घेतलें, आदल्या महिन्याचा फोल्डर तेथें चढविला आणि पान उघडलें. डेटाबेस सांपडत नाहीं, एवढेंच तेथें लिहिलेलें. त्याच्या आधींच्या महिन्याचा फोल्डर, त्याच्या आधींचा, असें करीत रात्रीं दोनपर्यंत तो बसला होता. मग फोन करून म्हणाला, "काका, हें सगळें नुसतें घर आहे. माणसें यांत नाहींत."

चाळीसाहून अधिक प्रती होत्या, आणि सर्व रिकाम्या. वांचलों तें एका योगायोगानें. अमेरिकेंत न्यू जर्सीस असलेल्या दुसऱ्या एका पुतण्यानें मुलांना दाखविण्यासाठीं वंशावळ मागितली होती. ती त्यास गेडकॉम या मसुद्यांत काढून पाठविली होती. हा मसुदा अमेरिकेंतील मॉर्मन पंथाच्या वंशावळ-संस्थेनें १९८४ सालीं ठरविलेला. साध्या अक्षरांची फाईल असल्यामुळें कोणताहि वंशावळीचा कार्यक्रम ती वाचूं शकतो. तिच्यावरून स्थळ पुन्हां उभें राहिलें. परंतु ती पाठविली होती चैत्रांत, आणि आत्याबाई बोलल्या वैशाखांत.

कंपनीचें नांव येथें देत नाहीं. तिनें करारांत लिहिलें होतें तेंच केलें. करार आम्हीं वाचला नव्हता. आणि पुतण्यालाहि दोष देववत नाहीं. प्रत घेण्यांत त्यानें एक महिना चुकविला नाहीं. त्यानें व आम्हीं चुकविली ती एकच गोष्ट : घेतलेली प्रत आजवर एकदांहि उघडून, दुसरीकडे मांडून पाहिली नव्हती.

आपण अडाणी म्हणून असें झालें, असा विषाद आम्हांस पुष्कळ दिवस होता. पुढें एक हकीकत वाचनांत आली तेव्हां तो थोडा ओसरला. गिटलॅब ही कंपनी जगांतील कार्यक्रम लिहिणाऱ्यांचें काम जतन करणारी; तिच्याहून जाणकार कोण असणार ? ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं तिच्या एका थकलेल्या नोकरानें दुय्यम सर्व्हरवरील डेटाबेस पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. क्षणभरांत चूक ध्यानीं येऊन त्यानें हात आंखडला, पण तोंवर सुमारें ३०० गिगाबाईटांपैकीं साडेचार शिल्लक उरले होते. प्रती ठेवण्याच्या तिच्या पांच व्यवस्था होत्या. त्या रात्रीं पांचांपैकीं एकहि धड उपयोगीं पडेना. रोज उतारा काढणारा कार्यक्रम डेटाबेसापेक्षां जुन्या आवृत्तीचा असल्यामुळें रोज नापास होत होता. आणि नापास झाल्याची पत्रें तो पाठवीत होता तीं टपालाच्या व्यवस्थेंतच नाकारलीं जात होतीं. सहा तासांपूर्वीं एकानें दुसऱ्याच कामासाठीं सहज घेऊन ठेवलेली एक प्रत होती म्हणून कंपनी वांचली. मधल्या सहा तासांचें काम मात्र गेलें तें गेलेंच. त्या मंडळींनीं हें कांहीं एक न लपवितां जगापुढें मांडलें, आणि दुरुस्तीचें काम चालू असतां तें लोकांना थेट पाहूंहि दिलें. त्याबद्दल आमच्या मनांत त्यांच्याविषयीं आदर आहे.

तेव्हां भगिनींनीं विचारलेल्या प्रश्नाच्या आधीं दुसरा एक प्रश्न येतो. जागा किती, वेग किती, दर किती हें नंतर. आपल्या डेटाबेसाचा पुरा उतारा, सातबाराचा काढतों तसा, कोणाची मनधरणी न करतां वाटेल त्या दिवशीं आपल्या हातीं घेतां येईल काय, आणि तो नेऊन दुसऱ्या कोणाच्याहि सर्व्हरवर स्थळ जसेंच्या तसें उभें करतां येईल काय ? ज्या घरमालकाच्या वाड्यांत आपलें बिऱ्हाड जाऊं शकतें पण तेथून सामानासह निघूं शकत नाहीं, त्याचें भाडें शून्य असलें तरी तें महाग होय. कांहीं कंपन्या स्वतःचाच कार्यक्रम देतात, माउसनें ओढून चित्रें मांडतां येतात, दिसावयास सुरेख. पण त्यांतील माहिती कोष्टकरूपानें बाहेर निघत नाहीं. अशांच्या वाटेस कुलवृत्तांतानें जाऊं नये.

याची परीक्षा सोपी आहे. वर्षाचे पैसे भरूं नयेत. एक महिन्याचे भरावेत. स्थळावर दहा व्यक्ति भराव्यात. मग कंपनीच्या कोणासहि फोन न करतां स्वतः उतारा काढावा, घरच्या संगणकावर आणावा व तेथें मांडून पाहावा. यासाठीं लागणारी सर्व सामग्री एकत्र बांधून देणारी 'झॅम्प' नांवाची विनामूल्य मोट मिळते. कॉलेजांतला कोणताहि मुलगा किंवा मुलगी ती बसवून देईल. नंतर कंपनीकडील डेटाबेस पुसून टाकावा आणि त्याच उताऱ्यावरून पुन्हां भरावा. येथें पुष्कळ ठिकाणीं अडतें. उतारा बाहेर येतो, पण परत आंत जात नाहीं. कारण एका वेळीं चढवितां येणाऱ्या फाईलीवर मर्यादा असते. पी.एच.पी.च्या मूळ व्यवस्थेंत ती अवघी २ मेगाबाईट आहे. चांगली कंपनी ती वाढवून ठेविते किंवा वाढविण्याची किल्ली आपल्या हातीं देते.

त्या दहा नांवांत 'कऱ्हाडे', 'काळे', 'ज्ञानेश्वर' अशीं नांवें मुद्दाम असावींत. मायएसक्यूएलमध्यें २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत कोष्टकाची गृहीत लिपि 'लॅटिन' होती. देवनागरीचें प्रत्येक चिन्ह साठविण्यास युनिकोडच्या नेहमींच्या पद्धतींत तीन बाईट लागतात. लॅटिन कोष्टकांत त्यांस जागा नाहीं. म्हणून एखाद्या जुन्या सर्व्हरवर मराठी नांव भरलें कीं त्याच्या जागीं प्रश्नचिन्हांची माळ उमटते. कधीं अक्षरांऐवजीं भलतींच रोमन चिन्हें दिसतात. तीं बहुधा जाणता माणूस पुन्हां जागेवर आणूं शकतो. पण एकदां प्रश्नचिन्ह झालें म्हणजे मूळ अक्षर गेलें, तें ब्रह्मदेवालाहि परत आणतां यावयाचें नाहीं. कंपनीस "यूटीएफएट-एमबीफोर आहे ना ?" एवढें विचारावें; ज्यास प्रश्नच कळत नाहीं त्याला पुढचें विचारूं नये. अनुक्रमणिकेंत 'ळ' हा 'ह' नंतर न येतां 'ल' ला चिकटून येईल, तो दोष मात्र कंपनीचा नव्हे. युनिकोडचा सर्वसामान्य अनुक्रमच तसा आहे.

आतां जागेचे प्रकार. सामायिक होस्टिंग म्हणजे पुण्याचा जुना वाडा : बिऱ्हाडें अनेक, नळकोंडाळें एक. स्वस्त, आणि दुरुस्ती घरमालकाची. त्याच्या वरची पायरी व्ही.पी.एस.; मोठ्या इमारतींतला स्वतंत्र ब्लॉक, नळ आपला, पण केरवाराहि आपला. दाराचें कुलूप बदलणें, गळणारी तोटी बसविणें, चोरावर नजर ठेवणें, सारें आपल्याकडे. घरांत हें नित्य करणारें माणूस नसेल तर त्या वाटेस जाऊं नये. विकणारे "स्वतंत्र, स्वतंत्र" म्हणून भुलवितात. स्वतंत्र सर्व्हर म्हणजे बंगला, त्याचा विचार कुलमंडळानें करण्याचें कारण नाहीं. आणि क्लाउड म्हणजे विजेच्या मीटरप्रमाणें वापराल तेवढें बिल. मोठ्या उद्योगास तें सोयीचें. पण वार्षिक वर्गणीवर चालणाऱ्या मंडळास पुढच्या महिन्याचें बिल किती येईल हें आधीं न कळणें परवडत नाहीं. चार-पांच हजार व्यक्तींच्या वंशावळीस चांगलें सामायिक होस्टिंग पुरून उरतें. अक्षरें फार थोडी जागा खातात. छायाचित्रें काय तीं खातात.

वाड्यांतली खरी अडचण जागेची नसून नळाची. जाहिरातींत 'अमर्याद' हा शब्द मोठ्या टाइपांत असतो. नञ् समास शिकवितांना आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असूं कीं, 'अ' लागला म्हणजे नेहमींच अभाव कळतो असें नाहीं, कधीं अल्पत्वहि कळतें. अल्पत्वाचें उदाहरण हवें असल्यास हा शब्द घ्यावा. करारांत खालीं बारीक अक्षरांत एका वेळीं डेटाबेसाशीं किती जणांनीं बोलावें याचा आंकडा असतो. पुन्हां उभें राहिलेलें आमचें स्थळ गुढीपाडव्याच्या सकाळीं तीनशें नातलगांना व्हॉट्सॲपवरून कळविलें, आणि तीनशें नातलगांनीं श्रीखंडाच्या आधीं एकदमच तें उघडलें. दुपारपर्यंत बहुतेकांस कांहीं दिसलें नाहीं. जागा ९० टक्के रिकामी होती ! हा आंकडा लेखी विचारून घ्यावा.

आणखी एक बारीक गोष्ट. कांहीं ठिकाणीं पान बनविणारा सर्व्हर एकीकडे व डेटाबेस दूरच्या दुसऱ्याच यंत्रावर असतो. वंशवृक्षाचें एक पान बनवितांना डेटाबेसाला अनेक प्रश्न एकामागून एक विचारावे लागतात. स्वयंपाकघर नाशकांत आणि कोठीघर इगतपुरीस असलें तर चिमूटभर हिंगासाठीं किती खेपा होतील ? दोन्ही एकाच आवारांत आहेत ना, हें विचारावें.

पी.एच.पी.ची आवृत्ति कंपनी वेळोवेळीं नवी करते कीं नाहीं तेंहि पाहावें, ७.४ या आवृत्तीची देखभाल नोव्हेंबर २०२२ मध्यें बंद झाली, आणि त्याहून जुनी ठेवणारे अजून भेटतात. स्थळाचें नांव, म्हणजे डोमेन, मंडळाच्या स्वतःच्या नांवानें नोंदवावें. कंपनीच्या नांवानें नको आणि हौशी पुतण्याच्या नांवानेंहि नको. शक्य तर होस्टिंग एकाकडे व डोमेन दुसऱ्याकडे असावें. २०१४ पासून '.भारत' हें देवनागरी शेपूटहि मिळतें. आम्हांस तें आवडतें, पण परदेशांतल्या मुलांना तें टंकितां येत नाहीं अशी त्यांची तक्रार आहे.

उतारा घरीं आला म्हणजे काम संपलें असें नाहीं. फ्रान्समध्यें स्ट्रासबर्ग येथें ओव्हीएच या मोठ्या कंपनीची सर्व्हरांची पांचमजली इमारत १० मार्च २०२१ रोजीं जळून खाक झाली. कित्येक ग्राहकांनीं प्रती ठेवल्या होत्या, पण त्या तेथेंच. मूळ व प्रत एकाच आगींत गेलीं. आपले पूर्वज याबाबतींत नकळत शहाणे होते. त्र्यंबकेश्वरीं गेले कीं तेथील उपाध्याय वहींत कुळाची नोंद करीत. काशीस गेले कीं तेथील, गयेस गेले कीं तेथील. तीन क्षेत्रीं तीन वह्या, आणि एका गांवची आग दुसऱ्या गांवच्या वहीस लागत नसे. आमच्या कुळाच्या दोन पिढ्यांचा धागा घरच्या कागदांतून तुटला होता, तो त्र्यंबकेश्वरच्या वहींतूनच जुळला.

सध्यां आमचा पुतण्या दर संकष्टीस उतारा काढतो : फोल्डर निराळा, डेटाबेस निराळा, गेडकॉम तिसरा. एक प्रत पुण्यास, एक आमच्याकडे, एक न्यू जर्सीस. उताऱ्यांत हयात माणसांच्या जन्मतारखा व पत्ते असतात. स्थळावर परक्यांस त्या दिसत नाहींत, पण उताऱ्यांत उघड्याच असतात. म्हणून तो वाटेल त्याच्या हातीं देत नाहीं. तिघांचीं नांवें मंडळाच्या ठरावांत लिहिलेलीं आहेत. आणि दिवाळीच्या सुटींत घरचीं मुलें जुन्या संगणकावर त्या वर्षींचा एखादा उतारा मांडतात व आजीचें नांव शोधून दाखवितात. सांपडलें कीं फराळ.

आतां तीन दरपत्रकांविषयीं. पहिलें पहिल्या वर्षीं बाराशें रुपये व पुढें दर वर्षीं बेचाळीसशें. पहिला आंकडा ठळक, दुसरा पाठीमागें. त्यांत डेटाबेसाच्या उताऱ्याचा शब्द नाहीं आणि 'अमर्याद' तीन वेळां आहे. तें बाजूस ठेवावें. तिसरें व्ही.पी.एस.चें. भगिनी लिहितात कीं, "हें चिरंजीव पाहूं शकेल," आणि पुढच्याच ओळींत तो जुलैंत जर्मनीस जाणार असल्याचें लिहितात. तेव्हां तेंहि नको. दुसरें वर्षाला छत्तीसशें, तेंच दुसऱ्या वर्षींहि. रोजची प्रत चौदा दिवस ठेवतात, उतारा काढण्याची सोय ग्राहकाच्या हातीं आहे, डेटाबेस मारियाडीबी. हें घ्यावें, पण प्रथम महिन्यापुरतेंच. वर सांगितलेली परीक्षा उतरल्यावर पुढचें. एका वेळच्या जोडण्यांचा आंकडा त्यांच्या पत्रकांत नाहीं, तो लेखी मागवावा.

मुलींच्या रिकाम्या जागा आधीं भराव्यात कीं स्थळ आधीं करावें, असेंहि भगिनींनीं विचारिलें आहे. दोन्ही एकदम चालूं द्यावें. सांगणारीं माणसें आहेत तोंवर लिहून घ्यावें, आणि चिठोऱ्या जपाव्यात. आत्याबाईंनीं सांगितलेल्या १४३ नांवांपैकीं ९१ आम्हीं सासरच्या घरांस पत्रें लिहून, कांहीं ठिकाणीं प्रत्यक्ष जाऊन, परत मिळविलीं. ५२ जणींच्या जागीं अजून "कन्या, विवाहित" आहे. त्यांतल्या दोघी बहिणी नाशकास एकाच घरांत दिल्या होत्या व थोरलीचें सासरचें नांव रमा ठेविलें होतें, एवढें आम्हांस स्मरतें. आपल्या मंडळाच्या पुस्तकांत राजापूर तालुक्यांतून आलेल्या अशा जावा-जावा आढळल्यास त्यांचीं माहेरचीं नांवें कृपया कळवावींत.